टर्बो इंजिन बंद करण्यापूर्वी: घाट चढून आलेल्या गाडीला किती वेळ द्यावा

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला येणारी गाडी सुमारे 40 किलोमीटरांच्या प्रवासात कोकणच्या सखल भागातून जवळजवळ 1,350 मीटर उंचीवर येते. गाडीत पाच माणसे असतात, डिकी सामानाने भरलेली असते, एसी चालू असतो आणि बराचसा रस्ता दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच कापावा लागतो. वर पोहोचल्यावर बाजारपेठेजवळ पार्किंगची एखादी जागा रिकामी दिसते, चालक घाईघाईने गाडी आत घालतो आणि त्याच क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. साध्या इंजिनाच्या गाडीत याने फारसे काही बिघडत नाही. गाडी टर्बोची असेल, तर मात्र घाटमाथा ते पार्किंग एवढ्या टप्प्यात ती कशी चालवली यावर त्या टर्बोचे आयुष्य काही प्रमाणात अवलंबून असते. ज्यांनी नुकतीच पहिली टर्बो गाडी घेतली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रथम आपल्या गाडीला टर्बो आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. आज आपल्याकडे नव्याने विकली जाणारी जवळजवळ प्रत्येक डिझेल मोटार टर्बोची असते, त्यामुळे डिझेल गाडीबाबत सहसा शंका घेण्याचे कारण नाही. पेट्रोल गाड्यांत मात्र दोन्ही प्रकार असतात आणि एकाच मॉडेलच्या एका इंजिनाला टर्बो असतो, तर दुसऱ्याला नसतो. गाडीच्या मागे टीएसआय, बूस्टरजेट किंवा टर्बो अशी अक्षरे असतील तर प्रश्नच मिटला. नसतील, तर गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका उघडावी. ती पुस्तिका बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट तशीच पडून असते, हे मला ठाऊक आहे. तरीही या विषयावरचा शेवटचा शब्द तिचाच मानावा, माझा किंवा नाक्यावरच्या मेकॅनिकचा नव्हे.

आता टर्बोच्या आत काय घडते ते पाहू, कारण ते एकदा कळले की पुढच्या बऱ्याच सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळालेल्या वायूंच्या जोरावर एक लहान चाक फिरते. त्याला टर्बाइन म्हणतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक असते आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाएवढा जोर मिळतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर मॉन्झा या टर्बो असलेल्या मोटारी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आल्या.

या दांड्याचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो; लहान गाड्यांच्या छोट्या टर्बोंत तो दोन लाखांच्या आसपास पोहोचतो. दांड्याच्या एका टोकाला डिझेल इंजिनात सातशे-आठशे अंश सेल्सियसचे आणि पेट्रोल इंजिनात त्याहूनही तप्त, कधी 950 अंशांपर्यंतचे वायू आदळत असतात, तर दुसऱ्या टोकाला बाहेरची साधी हवा असते. मधल्या भागात दांड्याला आधार देऊन फिरू देणारी बेअरिंगे असतात. बहुतेक गाड्यांत ती बॉल बेअरिंगे नसतात. दांडा ऑइलच्या अतिशय पातळ थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. हे ऑइल इंजिनाचेच असते आणि इंजिनाचाच पंप ते दाबाने टर्बोत पाठवतो. ते दांड्याला वंगण पुरवते, त्याचबरोबर तेथील उष्णता उचलून खाली ऑइल पॅनमध्ये आणून सोडते.

इंजिन बंद झाले की पंप थांबतो आणि ऑइलचा प्रवाह त्याच क्षणी तुटतो. टर्बाइनकडचे ओतीव लोखंडी आवरण मात्र अजून तापलेलेच असते. गॅस बंद केल्यानंतरही तव्यावर राहिलेली भाकरी जशी करपते, तसे येथे घडते: त्या आवरणातील उष्णता हळूहळू मधल्या भागाकडे सरकते आणि पुढची काही मिनिटे बेअरिंगांचे तापमान उतरण्याऐवजी चढत जाते. तेथे अडकलेले थोडेसे ऑइल त्या उष्णतेत जळते आणि त्याचा काळा, कडक थर बसतो. वर्षानुवर्षे तळणासाठी वापरलेल्या लोखंडी कढईच्या काठावर जमलेली कीट आठवावी. एकदा असे घडल्याने काही बिघडत नाही, दहा वेळा घडल्यानेही कदाचित बिघडणार नाही. पण दोन-तीन वर्षे दर आठवड्याला तेच होत राहिले, तर बेअरिंगांच्या ऑइलच्या वाटा आणि टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी अरुंद होत जाते. मग इंजिन चालू असतानाही टर्बोला पुरेसे ऑइल मिळत नाही आणि खरे नुकसान तेव्हा होते.

यावर निर्मात्यांनी काढलेला उपाय म्हणजे टर्बोच्या मधल्या भागाभोवती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, फिरवणे. इंजिन बंद झाल्यावरही तापलेले कूलंट वर चढते, थंड कूलंट त्याची जागा घेते आणि पंपाशिवाय थोडे अभिसरण चालू राहते. अनेक नव्या पेट्रोल टर्बो गाड्यांत तर यासाठी विजेवर चालणारा वेगळा छोटा पंप असतो आणि इंजिन बंद केल्यावर तो काही मिनिटे फिरत राहतो. बॉनेटखालून येणारा तो गुणगुणणारा आवाज ऐकून नवे मालक घाबरतात आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. तसे करण्याची गरज नाही. उलट कित्येक जुन्या आणि लहान डिझेल इंजिनांचे टर्बो केवळ ऑइलवरच थंड होतात. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीची वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्याने पुढील सूचना नव्या पेट्रोल गाडीच्या मालकापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळाव्यात.

पहिली पायरी मुक्कामाला पोहोचण्यापूर्वीच सुरू होते आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक काम तेथेच होते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी हलक्या पायाने चालवावी. इंजिनाच्या फेऱ्या शक्यतो मिनिटाला 2,000 च्या आत ठेवाव्यात, ओव्हरटेक करण्यासाठी ॲक्सिलरेटर जोरात दाबू नये आणि वेग एकसारखा ठेवावा. या काळात टर्बाइनवर येणारे वायू पुष्कळ थंड असतात, ऑइल आणि कूलंट पूर्ण दाबाने फिरत असतात, रेडिएटरवर समोरून वारा येत असतो. उभ्या गाडीला हे सर्व एकाच वेळी मिळत नाही. म्हणूनच गावात शिरल्यावर गर्दीमुळे पाच-दहा मिनिटे रांगत आलेल्या गाडीला पार्किंगमध्ये आणखी थांबवून ठेवण्याची गरज नसते. वाहतुकीच्या कोंडीने तुमच्यावर केलेला हा बहुधा एकमेव उपकार समजावा.

पसरणी घाटाचे उदाहरण घेऊ. वाईहून निघालेली गाडी पाचगणीला पोहोचेपर्यंत सुमारे 600 मीटर चढते. तिथून पुढे महाबळेश्वरापर्यंतचा रस्ता तुलनेने सौम्य आहे, त्यामुळे थेट महाबळेश्वरला जाणाऱ्याचा टर्बो वाटेतच निवतो. पण घाट संपताच पहिल्याच टपरीवर चहासाठी थांबलात, तर तुम्ही टर्बो सर्वांत तापलेला असतानाच इंजिन बंद करत असता. बोरघाट चढून लगेच लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर थांबणाऱ्यांचेही तसेच. उलट घाट उतरताना काळजीचे कारण नसते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आधुनिक इंजिनात इंधन जवळजवळ बंद होते आणि टर्बाइनमधून फक्त थंड हवा जाते. पायथ्याला पोहोचलेला टर्बो माथ्यावरच्यापेक्षा कितीतरी थंड असतो.

दुसरी पायरी गाडी थांबल्यानंतरची. गाडी न्यूट्रलमध्ये घालावी, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढावा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन आपल्या मंद गतीवर चालू द्यावे. एसी बंद केला तर इंजिनावरचा थोडा भार उतरतो, पण मे महिन्यात घरच्यांचा रोष पत्करण्याइतका तो फायदा मोठा नाही. आता प्रश्न येतो किती वेळ थांबायचे हा. शहरात नेहमीसारखी गाडी चालवली असेल, तर अजिबात थांबू नये. महामार्गावर 80 ते 100 च्या वेगाने आल्यावर लगेच थांबावे लागले, तर अर्धा ते एक मिनिट पुरेसे होते. लांब चढ, भरलेली गाडी, किंवा मोठ्या वेगाने बराच काळ केलेला प्रवास यांनंतर दीड ते दोन मिनिटे द्यावीत. काही जपानी टर्बो डिझेल गाड्यांच्या पुस्तिकांत साधारण अशाच आकड्यांचा छोटा तक्ता दिलेला असतो आणि त्यातही शहरातील चालवण्यासमोर थांबण्याची आवश्यकता नाही असेच लिहिलेले असते.

पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. त्याने अधिक लाभ होत नाही. मंद गतीवर टर्बाइनचे तापमान पहिल्या एक-दोन मिनिटांतच झपाट्याने खाली येते. नंतरचा वेळ केवळ डिझेल जाळण्यात जातो. शिवाय डिझेल इंजिन फार वेळ मंद गतीवर ठेवल्याने काजळी अधिक तयार होते आणि टर्बोमध्ये हवेचा दाब कमी असल्याने त्याच्या सीलमधून ऑइल पाझरण्याची शक्यता वाढते. एखाद्या मिनिटाचा खर्च मात्र नगण्य आहे: साधारण दीड लिटरच्या डिझेल इंजिनाला त्यासाठी एक-दोन चमचे डिझेल पुरते.

समृद्धी महामार्गाचा विचार येथे वेगळा करावा लागतो. मुंबई ते नागपूर या 701 किलोमीटरच्या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे आणि तासन्‌तास त्याच वेगाने जाणाऱ्या गाड्या थेट पंपावर येऊन थांबतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेरचे तापमान 45 अंशांवर असताना हे अधिकच खटकते. इंधन भरताना इंजिन बंद ठेवणे सुरक्षिततेसाठी बंधनकारक आहे, त्यामुळे नोझलसमोर उभे राहून टर्बो थंड करता येत नाही. म्हणून पंपाची पाटी दिसली की वेग हळूहळू उतरवत आणावा, पंपाच्या आवारात हवा भरण्याच्या जागेजवळ बाजूला एक मिनिट थांबावे आणि मग रांगेत शिरावे.

तिसरी पायरी म्हणजे एक जुनी सवय मोडणे. गाडी बंद करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा जोरात दाबून रेस द्यायची आणि इंजिन गुरगुरत असतानाच किल्ली फिरवायची, ही सवय आपल्याकडे जुन्या चालकांत सर्रास दिसते. माझे एक काका आयुष्यभर जीप चालवत आले आणि असे केल्याने पुढच्या वेळी गाडी पटकन सुरू होते, असे ते मनापासून मानतात. त्यांच्या पहिल्या जीपबाबत त्यात काही तथ्य असेलही. टर्बो इंजिनात मात्र याहून वाईट दुसरे काही करता येणार नाही. रेस दिल्याने टर्बोचा दांडा हजारो फेऱ्यांनी वेग घेतो आणि दुसऱ्याच क्षणी त्याचे ऑइल तोडले जाते. तो उरलेला वेग ओसरेपर्यंत दांड्याला केवळ मागे राहिलेल्या थरावर फिरावे लागते. दोन मिनिटे शांतपणे थांबून शेवटी रेस दिली, तर ती दोन मिनिटे वाया गेली असे समजावे.

इंजिन सुरू करतानाही हाच न्याय लागू होतो. रात्रभर उभ्या गाडीत टर्बोपर्यंत ऑइल पोहोचायला काही सेकंद लागतात, म्हणून सुरू करताच रेस देऊ नये आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलके चालवावे.

ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असते, त्यांच्या मालकांना साहजिकच शंका येते की मग तेव्हा टर्बोचे काय होते. अशा गाड्यांचे टर्बो आणि त्यांची शीतन व्यवस्था त्या हिशेबानेच बनवलेली असते आणि इंजिनाचा संगणक अनेक गोष्टी तपासूनच इंजिन बंद करतो. तरीही घाटमाथ्यावर टोलनाका किंवा कोंडी लागली, तर डॅशबोर्डवरील बटणाने ती सोय तेवढ्यापुरती बंद करणे शहाणपणाचे ठरते.

बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. त्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी पकडणारी गाळणी असते आणि ती भरली की इंजिन अधिक इंधन वापरून तिचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत नेते व काजळी जाळून टाकते. हे काम चालू असताना मंद गतीवरच्या फेऱ्या नेहमीपेक्षा थोड्या वाढलेल्या दिसतात, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो आणि काही गाड्यांत तसा दिवाही लागतो. अशा वेळी उभ्या गाडीत दोन मिनिटे थांबून उपयोग नाही. शक्य असेल, तर आणखी दहा-पंधरा मिनिटे मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून ते काम पूर्ण होऊ द्यावे. शक्य नसेल तर इंजिन बंद करावे, मात्र वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करू नये. सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर ही सूचना शब्दशः घ्यावी.

आता अपवादांकडे वळू, कारण येथे चूक झाली तर टर्बोबरोबर इंजिनही जाते. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद करावे. ऑइलच मिळत नसेल, तर चालू इंजिन टर्बोला थंड करत नाही, मारते. कूलंटच्या तापमानाचा काटा लाल भागात गेला असेल आणि बॉनेटखालून वाफ येत असेल, तरीही इंजिन चालू ठेवू नये. बंद करून पूर्ण निवेपर्यंत थांबावे आणि तोवर रेडिएटरचे झाकण उघडू नये. अपघात झाला किंवा धुराचा, इंधनाचा वास आला, तरीही टर्बोचा विचार मनात न आणता किल्ली फिरवावी.

इमारतीच्या तळघरातील बंद पार्किंगमध्ये किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून थांबणे टाळावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला सावध होऊ देत नाही. जे थांबायचे ते बाहेर मोकळ्यावर थांबून घ्यावे. किल्ली काढल्यानंतरही ठरावीक वेळ इंजिन चालू ठेवणारे टर्बो टायमर नावाचे उपकरण जपानमध्ये 1980 आणि 1990 च्या दशकांत फार लोकप्रिय होते आणि आपल्याकडेही हौशी लोक ते बसवून घेतात. आजच्या गाडीला त्याची गरज नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक जागी उभ्या वाहनात चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद असले पाहिजे. म्हणजे इंजिन चालू ठेवून चालकाने टपरीवर चहा सांगायला जाणेही यात बसत नाही; उतरायचे असेल तर सोबतच्यांनी आधी उतरावे.

ही सगळी काळजी घेऊनही ऑइल निकृष्ट किंवा जुने असेल, तर टर्बो टिकत नाही. खरे सांगायचे, तर पार्किंगमधल्या एका मिनिटापेक्षा वेळेवर बदललेले योग्य ऑइल टर्बोला अधिक वाचवते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घ्यावे. बीएस-6 डिझेलला कमी राख सोडणारे ऑइल लागते आणि स्वस्तातले दुसरे घातले तर ती काजळीची गाळणी अकाली भरते. पुष्कळ गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे मालक दुसरी अट सोयीने विसरतात. दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजण्याची पट्टी, काढून पातळी पाहावी.

टर्बो बिघडू लागला की तो खुणा देतो. चढावर पिकअप कमी पडतो, पूर्वी न ऐकू येणारी तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल कमी होऊ लागते. यांपैकी काही दिसले, तर गाडी जोरात न चालवता गॅरेजला न्यावी. पण लगेच नवा टर्बो घेण्यास होकार देऊ नये; आधी हवेच्या पाइपांची गळती आणि एअर फिल्टर तपासून घ्यावेत, कारण शिट्टी आणि कमी पिकअप यांचे मूळ कित्येकदा तिथेच सापडते. टर्बो बदलावाच लागला, तर त्याला ऑइल पुरवणारी नळीही सोबत नवीन बसवण्यास स्पष्टपणे सांगावे आणि ऑइल व ऑइल फिल्टरही त्याच वेळी बदलून घ्यावेत. जुन्या नळीत तो जळका थर तसाच राहिलेला असेल, तर नवा टर्बोही पहिल्याच्या वाटेने जातो. बिलावर त्या नळीची वेगळी नोंद आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत.